शुगरची गोळी

“या बीपी, बसा!”

आमच्या पंचवटीतला मेडिकलवाला गिऱ्हाइकाला नावानं हाक मारत नसे, दुखण्यानं मारायचा. मी बीपी. शेजारचे गुरुजी थायरॉइड. बँकेतल्या एका साहेबांना तर तो भर रस्त्यात म्हणाला, “काय मूळव्याध, कसं काय?” ते पुन्हा दुकानाची पायरी चढले नाहीत. तुमच्याही गल्लीत असा एखादा तोंडाळ माणूस असेल. राग येतो, पण दुकान बंद दिसलं की चुकल्यासारखं होतं. आता तो दुकान विकून मुलाकडे देवळाली कॅम्पला राहतो.

मी भाजी मार्केटात हमाली केलेला माणूस, शाळा चौथीपर्यंत. बायकोच्या लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ निघाली तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. “बाकी औषधांसोबत शुगरची एक जुनी गोळी देऊन बघू. तिनं गाठीची वाढ मंदावते का, याचा अभ्यास चाललाय. बऱ्या होतील असं मात्र मी म्हणत नाही.”

चिठ्ठी घेऊन मी दुकानात गेलो. बायको बाहेर पायरीवर बसली.

“वहिनींना शुगर कधीपासून?” त्यानं विचारलं.

“शुगर नाय. कॅन्सर हाय. तिला ठाऊक नाय,” मी हळूच बोललो.

त्यानं चिठ्ठी पुन्हा वाचली, गोळ्यांची पट्टी काढली आणि बाहेर बघून ओरडला, “वहिनी, शुगर निघाली तुम्हाला! आजपासून गोड बंद!”

ती हसली. “एवढंच ना? मी म्हटलं काय झालं न् काय नाय.”

मला तो देवमाणूस वाटला. पण माझी बायको शब्दाची पक्की. चहा बिनसाखरेचा सुरू झाला. जिलबी म्हणजे तिचा जीव की प्राण. नातवाच्या बारशाला वाढायला आले, तर हिनं ताटावर हात आडवा धरला. गाठीनं काही महिने दम घेतला, मग पोट फुगायला लागलं. डॉक्टर म्हणाले, आता फार दिवस नाहीत.

मी मेडिकलवाल्याला तोंडावर सांगितलं, “मरणाऱ्या बाईच्या तोंडात तुझ्यामुळं साखर नाय.”

तो पट्टी कापत होता. कात्री तशीच राहिली. “दादा, हे ध्यानातच आलं नाही हो माझ्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान न उघडता तो जिलबी घेऊन घरी आला. मी पाणी आणायला आत गेलो.

“वहिनी, गोळी नव्या कंपनीची आलीय. हिच्यावर गोड चालतं.”

“दाखवा बरं.” पट्टी कुरकुरली. “भाऊ, ही तीच हाय की. शुगरनं असं पोट फुगतं होय? मला लय दिवस झाले कळून. पण यांना बोलू नका. खचून जातील.”

मी तांब्या धरून तसाच उभा.  मग बाहेर तो घसा खाकरून मोठ्यानं म्हणाला, “दादा, वहिनींना गोड चालतं बरं का आता!”

“बरं झालं बाबा,” मी आतूनच म्हणालो. तांब्या पुन्हा भरून घेतला, मग बाहेर गेलो.

ती पुढं थोडेच दिवस होती. तेवढे दिवस आम्ही तिघंही शुगरचंच बोलत राहिलो. पण ती सकाळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. बायको सावकाश चघळतेय, पाक मनगटावर ओघळलाय, आणि तो खाली मान घालून पुढच्या जिलबीचे बारीक बारीक तुकडे करून तिच्या बशीत ठेवतोय.