फी माफ झाली तेव्हाचा चहा

नात बारीक व्हायचं म्हणून गुळाचा कोरा चहा पिते. माझे गुडघे आता उठू देत नाहीत, पण त्या वासानं मी थेट माहेरी, कोडोलीच्या चुलीपुढं जाऊन बसते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कोल्हापूरच्या कॉलेजात माझी फी माफ झाली होती, आणि मी महाराणी घरभर मिरवत होते. "आई, कॉलेज फुकट!"

म्हशीची धार काढून दमलेल्या आईनं चरवी खाली ठेवली. "आणि एस्टी काय तुझा मामा चालवतोय व्हय? पुस्तकं कोण देणार? उद्यापास्नं घरातलं दूधबी डेरीला जाणार."

"म्हंजे कोरा चहा? शी! कॉलेजात जाणारी पोरगी हाय मी!"

दुसऱ्या दिवशी आईनं माझ्या कपात थोडं दूध घातलं, आणि पुढं रोज घालत राहिली. स्वतः कोराच प्यायची. "मला त्योच आवडतोय," म्हणायची. आणि मी शहाणी, बी.ए. होईपर्यंत ते खरं मानत राहिले.

नोकरी लागल्यावर मी तिला घट्ट दुधाचा चहा करून दिला. एक घोट घेऊन तिनं कप खाली ठेवला.

"न्हाय ग बाई, आता पोटाला सोसत न्हाय."