अस्वलांच्या डोंगरात ठेवलेला एक लाडू

अस्वलांच्या रानात जाताना जवळ कोणती बंदूक असावी? बाबांनी हा प्रश्न फोनवर विचारला तेव्हा मी उत्तर जपानमधल्या एका डोंगरात जायच्या तयारीत होते. आता जाऊन आले, तरी उत्तर देता येत नाही.

बाबांना तो विचारायचा हक्क आहे. गडचिरोलीकडच्या आमच्या गावात उन्हाळा लागला की लोक पहाटे मोहफुलं वेचायला जातात, आणि मोहफुलं अस्वलांनाही माणसांइतकीच प्रिय. मी सातवीत असताना अशाच एका पहाटे अस्वलाने बाबांचा डावा खांदा फाडला. तो हात अजून डोक्याच्या वर जात नाही. पुढे मी घरातली पहिली पदवीधर झाले, टोकियोत सॉफ्टवेअरची नोकरी लागली. पण झुडपात काही खसफसलं की मी अजूनही मागे फिरते. म्हणूनच त्या डोंगरात जायचं ठरवलं. ‘भीतीपोटी वाट सोडू नये’ असं मी कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत ठणकावून सांगितलं होतं. बोललेलं एकदा तरी करून बघावं म्हटलं.

टोकियोतल्या फुनाबोरीत माझ्या वरच्या मजल्यावर मृणालताई राहते. पुण्याची, इथे नऊ वर्षं झाली तिला. ती म्हणाली, “अगं, बातम्या बघतेस ना? अस्वलं सुपरमार्केटपर्यंत यायला लागलीत, आणि तू सुट्टी टाकून त्यांच्या घरी चाललीस!”

“अस्वलं नाही गं, झाडं बघायला.”

“मग झाडांना आधी कळवून ठेव. म्हणजे ती पाहुण्यांना बाहेर काढतील.”

दोन रविवार मी बंदुकांवर वाचण्यात घालवले, हे कबूल करते. अमेरिकेच्या उत्तरेकडे ट्रेकला जाणारी माणसं यावर पानंच्या पानं भांडतात. मोठ्या गोळीचं रिव्हॉल्व्हर घ्यावं की पंधरा गोळ्यांचं हलकं पिस्तूल? कमरेला लावावं की छातीवर? पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवलेलं पिस्तूल म्हणजे घरी ठेवलेलं पिस्तूल, असं एकाने लिहिलं होतं. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं: हात थरथरला तर कुठलंही पिस्तूल कामाचं नाही. मी तिथेच वाचणं थांबवलं.

टोकियोतल्या ट्रेकिंगच्या दुकानात मी चाचरत पिस्तुलाचं विचारलं. विक्रेत्या मुलीने छातीसमोर दोन्ही हातांची फुली केली. जपानमध्ये साध्या माणसाला पिस्तूल मिळतच नाही. शिकाऱ्यांना लांब नळीची बंदूक मिळते, तीही परीक्षा आणि पोलिसांची तपासणी झाल्यावर. मला मिळाली एक पितळी घंटी. बाराशे येन.

“घाबरवायला?” मी विचारलं.

“नाही, कळवायला,” ती म्हणाली. “तुम्ही येताय हे त्याला आधी कळलं पाहिजे.”

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, “घंटी? आपल्या गाईच्या गळ्यात असते तशी? पोरी, तू पगार घेतेस का नाई?”

ऑक्टोबरमधल्या एका शुक्रवारी निघाले. टोकियोतल्या उएनो स्टेशनहून शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, मोरिओका, साधारण सव्वादोन तास आणि पंधरा हजार येन. पुढे दोन डब्यांची गाडी, मग बस. बस दिवसातून तीनदाच आहे, वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा. बसमध्ये मी आणि औषधांची पिशवी घेतलेल्या दोन आजी. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. कारण पुढे कळेल.

मुक्काम चियो-सानच्या घरगुती अतिथिगृहात. दोन जेवणांसह नऊ हजार येन. त्या सत्तरीच्या पुढच्या, एकट्या. रात्रीच्या जेवणात निखाऱ्यावर भाजलेला ओढ्यातला मासा, रानातली अळंबी आणि नव्या तांदळाचा भात होता. मी तीनदा वाढून घेतला, तेव्हा त्या तोंडावर हात धरून हसल्या. “टोकियोत उपाशी ठेवतात वाटतं तुला.”

सकाळी त्यांनी अंगणातलं पर्सिमनचं झाड दाखवलं. एकही फळ शिल्लक नव्हतं. “पिकायच्या आधीच काढून टाकली. यंदा डोंगरात बीचच्या झाडांना फळ नाही, म्हणून ती खाली येतात.” ‘ती’ म्हणजे कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. गावात कुणीच नाव घेत नव्हतं. आमच्याकडेही पहाटे निघताना घेत नाहीत.

पर्यटक केंद्रात मिरचीचा स्प्रे एक हजार येनला भाड्याने मिळतो. कसा वापरायचा ते तिथे दाखवतात. मी तीनदा करून बघितलं आणि तिन्ही वेळा आधी पिन काढायला विसरले.

वाट सुरू होते तिथे दगडाचं एक छोटं देऊळ आहे, गुडघ्याएवढं. डोंगराच्या देवीचं. समोर वाट वळते आणि काळोख्या झाडीत शिरते. मी तिथे उभी राहिले आणि पाय उचलेना. बाबा रानात शिरण्याआधी वेशीवरच्या दगडाला गुळाचा खडा ठेवतात. माझ्याकडे गूळ नव्हता. आईने पाठवलेले मोहाचे लाडू होते. एक काढला, पानावर ठेवला, हात जोडले. म्हटलं, बाई, मला सुखरूप परत येऊ दे. त्यानंतर पाय उचलला.

झाडी सुंदर होती, असं मी लिहायला हवं. होती. पिवळ्या पानांतून येणारा उजेडसुद्धा पिवळा. पण खरं सांगायचं तर मी झाडं बघितलीच नाहीत, झाडांच्या मधल्या जागा बघितल्या. एका खोडावर माझ्या डोक्याच्याही वर नखांचे पाच ओरखडे होते, आतलं लाकूड ओलं. दीड तास चालल्यावर खाली बांबूच्या दाट झुडपात काहीतरी हललं. वाऱ्याने हलतं तसं नाही. वजन टाकून हलतं तसं. मग एक फुसकारा. घंटी वाजवायची होती, पण मी तीच मुठीत आवळून धरली होती, आवाज होऊ नये म्हणून! दुसरा हात स्प्रेवर होता आणि पिन कुठल्या बाजूला आहे ते आठवत नव्हतं. त्या क्षणी हातात पिस्तूल असतं तर? मी चालवलं असतं? स्वतःच्या पायावर, बहुतेक.

हलणं दूर गेलं. मी मूठ उघडली आणि जोरजोरात घंटी वाजवत, मराठीत पाढे म्हणत परत फिरले.

देवळापाशी आले तर पान उलटं पडलेलं आणि लाडू नाही. मला इतकं बरं वाटलं! देवीने नैवेद्य घेतला, असं मनात आलं. बी.ई. झालेली मी. ज्या फुलांपायी माझ्या बापाचा खांदा गेला, त्याच फुलांचा लाडू मी ठेवला होता, हे मनाला शिवलंदेखील नाही.

शिवलं ते दुसऱ्या दिवशी, न्याहारीला. चियो-सानचे दीर ओनोदेरा-सान गमबूट घालून दारात उभे राहिले. ते गावच्या शिकारी मंडळातले, अंगात भगवं जाकीट.

“वहिनी, पुन्हा ठेवलंत ना देवळात?”

“काय?”

“गोड काहीतरी. पहाटे सगळं उकरून टाकलंय. देऊळ आडवं पडलंय. एवढाले पाय.” त्यांनी दोन्ही पंजे जुळवून दाखवले. “शंभर पावलांवर शाळेच्या बसचा थांबा आहे.”

“दोन वर्षं झाली, भाताचं शीतही ठेवलं नाही मी.”

“मग काय, देवीने स्वतः आणून खाल्लं? चव लागली की ते परत येतं, वहिनी. परत आलं की मलाच बंदूक काढावी लागते. मला काय हौस आहे?”

ते गेले. चियो-सान माझ्या वाटीत मिसो सूप ओतत राहिल्या. नवरा गेल्यापासून त्या देवीला रोज भाताचा गोळा ठेवायच्या. गावाच्या बैठकीत बोलणी बसली, तेव्हा थांबवलं. “आता पुन्हा बैठकीत उभं करतील मला,” एवढंच म्हणाल्या. बोलायला फक्त एक वाक्य लागलं असतं. पण बस नऊ वाजून दहा मिनिटांची होती, माझ्या व्हिसाचं नूतनीकरण अडकलेलं होतं, आणि बांबूपाशी वाटली त्याहून जास्त भीती मला त्या टेबलाशी वाटली. मी मान खाली घालून सूप संपवलं. त्यांनी वाटेसाठी दोन ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, बांधून दिल्या आणि बस वळेपर्यंत वाकून उभ्या राहिल्या.

त्या ओनिगिरी मी खाऊ शकले नाही.

फुनाबोरीला आल्यावर मृणालताईला सांगितलं. “एक लाडू गं!” ती म्हणाली. “परक्या देशात स्वतःहून ऑफिसांत नाव द्यायला जाऊ नये. आधी व्हिसा होऊ दे.” तिचं चुकीचं नाही. मग बाबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, “गूळ ठेवला तर मी परत येताना उचलून आनतो. तुला सांगायचं राहूनच गेलं, माय.”

जाणाऱ्यांसाठी माझ्याकडे सल्ला एवढाच: घंटी वाजती ठेवा, स्प्रेची पिन आधी शोधा, आणि खाण्याचं काहीही, अगदी देवासाठीही, मागे ठेवू नका. भीती कमी होईल असं वचन देत नाही. माझी झालेली नाही.

आज सकाळी ऑफिसच्या मीटिंगआधी मी त्या गावच्या कार्यालयात फोन केला. देवळात लाडू मी ठेवला होता, असं सांगितलं. नाव दिलं, पत्ता दिला, मोहाची फुलं म्हणजे काय तेही समजावलं. पलीकडच्या बाई लिहून घेत होत्या. मग त्यांनी विचारलं, “चियो-सानना आम्ही कळवू, की तुम्ही सांगाल?”

“त्यांना सांगूनच तुम्हाला फोन केलाय,” मी म्हणाले.