बागेचा चार्ज

बावीस घरं एका ठिकाणी आली की किस्से कुणी लावावे लागत नाहीत. ते हरळीसारखे आपोआप उगवतात, आणि एक उपटायला जावं तर मुळासोबत आणखी चार वर येतात! आमच्या परभणीतल्या रो-हाऊस सोसायटीत बाग आणि देखभालीचा कारभार बदलायचं ठरलं, तेव्हापासून तर माझ्याकडे इतके साचलेत की काही विचारू नका. माहेरी राणीसावरगावला गेले की बहिणी चहासुद्धा नंतर विचारतात. आधी, "तुमच्या बागेचं काय झालं गं?"

तर सांगते. पण त्याआधी मामांची ओळख करून द्यायला हवी.

नामदेवमामा आमचे माळी. राहणार पेडगाव. रोज सकाळी टमटमने येतात, खांद्याला पिशवी, पिशवीत भाकरी आणि खुरपं. सोसायटी झाली तेव्हापासून, म्हणजे बारा वर्षं, बाग त्यांच्याच हाताखाली. वय विचारलं तर म्हणतात, "येलदरीचं धरण झालं तवा मी म्हशी राखायलो व्हतो. आता तुमीच धरा काय धरायचं ते!"

* * *

मी बागेची प्रमुख कशी झाले, तो पहिला किस्सा.

आमचे अध्यक्ष देशमुख सर. निवृत्त मुख्याध्यापक. सोसायटीची सभासुद्धा ते वर्गासारखीच घेतात. आधी हजेरी, मग विषय. त्या दिवशी सर म्हणाले, "बाग आणि देखभाल एजन्सीला द्यायचा ठराव मंजूर. आता एजन्सीसोबत काम कोण बघणार?"

झालं! मोठमोठी माणसं, कुणी इंजिनिअर, कुणी डॉक्टर, पण सगळ्यांनी माना खाली घातल्या. गृहपाठ न केलेल्या पोरांसारख्या. मलाही खालीच पाहायचं होतं, पण नेमका तेव्हाच वरचा पंखा कुरकुरला आणि मी मान वर केली.

"सुनंदाताईंनी वर पाहिलं. सुनंदाताई!"

"सर, मी दहावी पास आहे हो."

"झाडांची शाळा कितवीपर्यंत झालीय?" सर म्हणाले. सगळे हसले, आणि माझं नाव लिहिलं गेलं.

पण खरी मेख पुढे होती. सभा संपल्यावर सर जवळ आले आणि हळूच म्हणाले, "दोन महिने एजन्सी आणि मामा सोबत काम करतील. गणपती झाले की एक तारखेपासून फक्त एजन्सी. मामांना येऊ नका म्हणून तेवढं तुम्हीच सांगा. तुमचा स्वभाव मऊ आहे."

मऊ माणसाला कठीण कामं का देतात, हे मला अजून कळलेलं नाही.

* * *

एजन्सीकडून इंगळे नावाचे सुपरवायझर आले. पस्तिशीतले, शर्ट खोचलेला, हातात टॅब. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मॅडम, आधी प्रत्येक झाडाला नंबर. नंबर नाही तर मेंटेनन्स नाही."

मामा दाखवणार, इंगळे टॅबवर लिहिणार आणि मी मधे उभी राहणार, असं ठरलं.

"हे कोणतं?"

"हे कुलकर्णीकाकूंचं."

"मामा, झाडाचं नाव विचारतोय. मालक नाही."

"कडुनिंब हाय ते कुणाला बी दिसतंय. कुणाचं हाय ते मी सांगायलो."

इंगळ्यांच्या ॲपमध्ये प्रजात, उंची, वय असे रकाने होते. कुणाचं झाड, हा रकाना नव्हता. शेवटी वैतागून ते सगळं शेऱ्यात लिहायला लागले. "पेरू. शेरा: पाटलांची मुलगी पास झाली तेव्हाचा." "गवती चहा. शेरा: सगळे नेतात, कुणी कबूल होत नाही."

मी तर थक्कच झाले. बारा वर्षं त्याच रस्त्याने फिरते आहे, पण ही बाग सोसायटीची नसून बावीस घरांची वेगवेगळी आहे, हे मला त्या दिवशी कळलं. घरी स्वयंपाक तसाच पडलेला, आणि मी आपली दोघांच्या मागे मागे!

सतरा नंबरला चाफा आला. देशमुख सरांच्या खिडकीसमोरचा. सरांच्या मंडळींनी लावलेला, त्या होत्या तेव्हा.

"याचा शेरा?" इंगळ्यांनी विचारलं.

"ह्याचं मग सांगतो," मामा म्हणाले आणि अठरा नंबरकडे चालायला लागले.

तेव्हापासून माझ्या डोक्यात तो सतरा नंबर फिरतोय.

* * *

दरम्यान मामांना निरोप सांगायचं काम माझ्या छातीवर बसलेलं.

पहिल्यांदा गेले तर मामांनी कढीपत्त्याची जुडी हातात ठेवली. असा माणूस समोर असताना कसं बोलणार? दुसऱ्यांदा गेले तर म्हणाले, "काय म्हणायलाव, आक्का?" माझ्या तोंडून निघालं, "काही नाही मामा, चहा घेता का?"

तिसऱ्यांदाही चहाच. चौथ्यांदाही चहाच.

आमचे हे एक दिवस पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "सुनंदा, पंधरा दिवसांत मामांना अकरा चहा झाले. निरोप किती झाले?"

* * *

मग कॉकचा किस्सा घडला.

एजन्सीने नवे पाइप टाकायला घेतले आणि एका सकाळी जुना पाइप फुटला. मधल्या रस्त्यावर पुरुषभर उंचीचं कारंजं! इंगळे नकाशा घेऊन पळायला लागले. नकाशात मेन कॉक गेटजवळ दाखवलेला. गेटजवळ खणलं. काही नाही. पार्किंगजवळ खणलं. तिथे कुणीतरी पुरलेली जुनी चप्पल निघाली.

आठवड्यातून एकदा येणारं नळाचं पाणी! तेही टाकीतून रस्त्यावर चाललेलं. बायका बादल्या घेऊन कारंज्याखाली उभ्या राहिल्या. कुलकर्णीकाकूंनी तर धुणंच बाहेर आणलं.

तेवढ्यात मामा टमटममधून उतरले. पिशवी बाजूला ठेवली, शांतपणे कुलकर्णीकाकूंच्या दारात गेले आणि म्हणाले, "काकू, रांगोळी मोडावी लागंल बघा."

काकूंच्या अंगणातली ती फरशी. त्यावर काकू रोज रांगोळी काढतात. मामांनी खुरप्याने फरशी उचलली, खाली हात घातला, कॉक फिरवला. कारंजं बसलं.

काकू कमरेवर हात ठेवून उभ्या. "बारा वर्षं मी त्या कॉकवर रांगोळी काढतेय, नामदेव! आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?"

मामा म्हणाले, "सांगितलं असतं तर तुमी रांगोळी दुसरीकडं काढली असती. मग मला कॉक कसा सापडला असता?"

इंगळ्यांनी टॅब काढला आणि नकाशात काहीतरी लिहिलं. मी वाकून पाहिलं. "मेन कॉक: रांगोळीखाली."

* * *

एजन्सीला एका गोष्टीची फार हौस होती. लॉन! सगळीकडे एकसारखं, मऊ, हिरवंगार लॉन. त्यासाठी आधी सगळं तण मारायचं. इंगळ्यांची माणसं पाठीवर पंप लावून आली आणि दोन दिवसांत हरळी, आघाडा, माका, सगळं वाळून कोळ झालं. मग लॉनच्या गुंडाळ्या आल्या आणि सतरंजीसारख्या अंथरल्या गेल्या. दिसायला लागलं छान, खोटं कशाला बोलू? आम्ही तिथे फोटो काढले, स्टेटसला ठेवले.

गणेश चतुर्थीच्या सकाळी आठ वाजता कुलकर्णीकाकू हातात तबक घेऊन लॉनमध्ये उभ्या. त्यांच्या मागे आणखी चारपाच जणी. सगळ्या वाकून वाकून शोधतायत.

काकूंची हाक आली, "सुनंदाऽ! दूर्वा कुठायत गं?"

दूर्वा म्हणजे हरळीच की! आणि आघाडा म्हणजे आघाडाच! बावीस घरांत बावीस गणपती बसायचे, आणि आम्ही गणपतीचं सगळं आवडतं तण म्हणून मारून टाकलेलं.

इंगळ्यांना फोन लावला. ते बिचारे म्हणाले, "मॅडम, आमच्या यादीत हरळी एक नंबरचं तण आहे. तीन दिवसांत कुंडीत लावून देऊ का?"

"गणपती तीन दिवस दारात थांबतील का?" काकू फोनमध्ये ओरडल्या.

सणाची मामांना सुट्टी होती. तरीही साडेआठला टमटम थांबलं. मामा उतरले, डोक्यावर भलंमोठं गाठोडं. सोडलं तर हरळीच हरळी, वर आघाड्याच्या फांद्या, केवड्याएवढ्या थाटात ठेवलेल्या. पेडगावच्या शेताच्या बांधावरून उपटून आणलेल्या.

"फवारा मारला तवाच समजलं, आज तुमी बोंबलत बसणार," मामा घाम पुसत म्हणाले. "जलमभर हरळी उपटून उपटून कंबर मोडली आमची. आता म्हातारपणी डोक्यावर वाहून आणायलो!"

बावीस घरांत दूर्वा पोचल्या. देशमुख सरांच्या घरी मी स्वतः नेऊन दिल्या. सरांनी जुडी हातात घेतली, मोजल्यासारखं केलं आणि विचारलं, "सांगितलंत का मामांना?"

मी मान खाली घातली.

* * *

विसर्जनानंतर मात्र थांबायला जागा उरली नाही. एक तारीख चार दिवसांवर आली. मी चहा केला, कप मामांच्या हातात दिला आणि डोळे मिटून सगळं एका दमात सांगून टाकलं.

मामांनी चहा बशीत ओतला. फुंकर मारली.

"मला पयल्याच आठवड्यात ठावं झालं, आक्का. सर मला बघून रस्ता बदलायले. बारा वर्षांत न्हाई बदलला कधी."

"अहो मग बोलला का नाहीत? माझा किती जीव टांगणीला!"

"बोललो असतो तर चहा बंद झाला असता की!"

मी हसले, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. मामा तिकडे न बघता म्हणाले, "शेत भाऊ बघतो. घरी आमची म्हातारी म्हणती, दिवसभर पायात येऊ नका. माणसाला कुठंतरी जायाला लागतंय बघा सकाळी. टमटमवाला बी इचारील, आज का न्हाई?"

मग बशी पुसून खाली ठेवली. "असू द्या. पर चार्ज नीट दिला पायजे. त्या इंगळ्याला बोलवा."

* * *

चार्ज द्यायला दोन दिवस लागले. मामा पुढे, इंगळे मागे, मी त्यांच्या मागे. कोणत्या झाडाला कधी पाणी, कोणत्या घराला विचारल्याशिवाय फांदी तोडायची नाही, कोणत्या कुंडीखाली कुणाची जादा किल्ली असते! इंगळे लिहून लिहून घामाघूम.

सतरा नंबरशी आल्यावर मामा म्हणाले, "ते यंत्र खाली ठेवा."

इंगळ्यांनी टॅब गवतावर ठेवला. मामा त्यांच्या कानाजवळ जाऊन बराच वेळ काहीतरी बोलले. मी दहा पावलांवर उभी होते, कान टवकारून. एक शब्द ऐकू आला असेल तर शपथ! इंगळे एकदा चाफ्याकडे बघायचे, एकदा सरांच्या खिडकीकडे.

मामा पुढे गेल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले हो?"

"मॅडम, लिहायचं नाही आणि सांगायचंही नाही म्हणालेत."

तिसऱ्या दिवशी सभा. हजेरी झाली. सरांनी चष्मा लावला आणि एजन्सीचा अहवाल मोठ्याने वाचायला घेतला. इंगळे कोपऱ्यात हात बांधून उभे.

"पुढील कामासाठी आवश्यक साहित्य. रबरी पाइप, दोन नग. मोठी कात्री, एक नग. झारी, चार नग." सर थांबले. चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला. "मामा, एक नग."

हॉलमध्ये हशा पिकला.

"हे काय आहे, इंगळे?"

"सर, ॲपमध्ये माणसाचा रकाना नाही," इंगळे म्हणाले. "साहित्यातच बसवावं लागलं. त्यांच्याशिवाय आम्हाला ही बाग चालणार नाही. एजन्सी आमची असू द्या, पण मामा तुमचेच द्या."

पुन्हा हसू. सर पुढे वाचत गेले. झाडांचे नंबर, झाडांचे शेरे. प्रत्येक शेऱ्याला एका घरातून खसखस पिकायची. पेरूला पाटील लाजले. गवती चहाला सगळेच इकडेतिकडे बघायला लागले.

"सतरा नंबर. चाफा," सरांनी वाचलं. "शेरा..."

आणि सरांचं बोट त्या ओळीवरच राहिलं. आम्ही वाट बघतोय. पंखा कुरकुरतोय. माझ्या शेजारी कागदाची दुसरी प्रत होती, मी हळूच वाचलं. तिथे लिहिलं होतं, "मामांनाच माहीत."

सरांनी कागदाची घडी घातली. घडीची घडी घातली. चष्मा काढून पुसला, आणि एकदम मुख्याध्यापकांच्या जुन्या आवाजात म्हणाले,

"मामांना ठेवायला ज्यांचा विरोध असेल, त्यांनी वर पाहावं!"

बावीस घरांच्या माना एका क्षणात खाली गेल्या. डॉक्टरांची, इंजिनिअरची, पाटलांची, काकूंची. मीही घातली. पण मला मेलीला राहवतंय कुठे? मी चोरून जरासं वर पाहिलं.

सरसुद्धा खालीच पाहत होते.