रविवारचा उपास आणि भांगेचं तेल

माझ्या नवऱ्याला लहानपणापासून फिट येते. गोळ्या बदलून झाल्या, वाढवून झाल्या, तीन प्रकारच्या एकदम देऊन झाल्या. झटके काही हटेनात. त्यातच आम्हाला लेक झाली. तिला उभ्यानं कडेवर घ्यायचं, बास, एवढीच ह्यांची हौस. पण पोर हातातून पडंल या धास्तीनं हे नुसते तिच्याजवळ बसून राहायचे. मला बघवायचं नाही.

सोलापूरच्या डॉक्टरांनी जुन्या गोळ्यांच्या जोडीला एक तेल लिहून दिलं. म्हणाले, "भांगेच्या जातीच्या झाडातून काढतात, पण नशा होत नाही. फिट पार बंद होईल असं सांगत नाही, कमी होईल अशी आशा आहे. गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत."

अणदूरला घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं. त्यांना मी आत्या म्हणते.

"अगं बया! माझ्या लेकाला गांजा पाजतीस व्हय?" घर डोक्यावर घेतलं त्यांनी.

मी तरी कुठं गप्प बसणारी! "गांजा न्हाय आत्या, भांगेच्या जातीचं झाड हाय. डॉक्टरनं दिलंय!"

आत्या थबकल्या. "म्हंजी, महादेवाची भांग?"

आणि आमचा खंडोबा म्हणजे महादेवच की! बाटली थेट देव्हाऱ्यात गेली, तिला भंडारा लागला. वर ह्यांना हुकूम सुटला, "देवाचं औषध हाय, देवाचा वार पाळ. रविवारी उपास धर." मला हसू आवरेना. औषध पोटात जातंय ना, मग कशाला वाद घाला?

तेल लागू पडलं. हे सुरुवातीला लई झोपाळले, पण झटके विरळ झाले. फक्त रविवारी हमखास यायचे. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "रविवारी वेगळं काय करता?"

"उपास," हे खाली बघत म्हणाले.

"अहो, उपाशीपोटी हे तेल अंगी लागत नाही! रोज जेवणासोबतच घ्यायचं. आणि फिटवाल्या माणसानं उपास करायचाच कशाला?"

बसमध्ये मी भांडायची सगळी तयारी करून आले. पण ऐकल्याबरोबर आत्या उंबऱ्यातच बसल्या. "म्हंजी माझ्यापायी पडत हुतं का गं माझं लेकरू?" माझा राग कुठल्या कुठं गेला. मी त्यांचा हात धरला. "न्हाय आत्या. तुमच्यामुळंच तर तेल पोटात गेलं."

पुढच्या रविवारी त्यांनी ह्यांना समोर बसवून भाकरी खाऊ घातली. "तू जेव. तुझा उपास मी धरते. देवाला सांगितलंय तसं."

फिट अजूनही अधनंमधनं येते. पण बरेच रविवार सुखाचे गेले, तसं एका सकाळी ह्यांचं जेवण-औषध झाल्यावर आत्यांनी लेक उचलली आणि उभ्या असलेल्या ह्यांच्या हातात दिली.

"आई, पडंल ती!"

"पडू दे की. मी हाय न्हवं खाली."

आणि खरंच, त्या ह्यांच्या पायाशी पदर पसरून बसल्या.