जास्त तर्रीवाले

धरमपेठेत तर्री-पोह्यांच्या गाडीवर एक गृहस्थ माझ्या शेजारी उभे होते. जर्मनीहून सुट्टीवर आलेले. तिकडे अजून तीन वर्षं राहणार का, हे कंपनीला आजच कळवायचं होतं. फोनवर भावाला ते हे इतक्या मोठ्यानं सांगत होते की सगळ्या गाडीला कळलं.

पोहेवाल्यानं न विचारता त्यांच्या पोह्यांवर दुसऱ्यांदा तर्री ओतली. ते बोलता बोलता थांबले.

"पाह्य गा, तिथं कॉफीवाली रोज नाव विचारते. यानं कधीच नाही विचारलं, पण माही तर्री याले अजून याद आहे. मी वापस येऊन राहिलो!"

मला हसू आलं. कोणी ओळखत नाही असं गाव मला तर स्वर्गच वाटलं.

तेवढ्यात माझी प्लेट आली. कच्चा कांदा मी रोज गुपचूप बाजूला सारते. लाजून कधी सांगितलं नाही. आज तो घातलाच नव्हता.