कागद जागेवरच होता

रोह्याहून मी शेकडो बातम्या पाठवल्या. एक पाठवायची राहिली — राहिली कसली, मी पाठवली नाही. घरातही कुणाला माहीत नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी जिल्ह्याच्या एका दैनिकाचा वार्ताहर होतो आणि सुटीच्या दिवशी पेणच्या एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो. मस्कतहून आलेल्या मामेभावानं तो मला दिला होता. त्याआधी मी भजनात पेटी वाजवत असे, आणि पेटीची एक सवय बोटांत राहिली होती. षड्जाच्या पट्टीशेजारच्या फटीत कागदाची घडी खोचायची. पट्टी दाबलेली राहते, सूर अखंड चालतो, बोटं मोकळी. वर कितीही पट्ट्या दाबा, भात्यात हवा आहे तोवर तो सूर हलत नाही. कीबोर्डवरही मी तोच कागद खोचायचो. का नाही खोचणार? पट्टी ती पट्टीच — असं मला वाटायचं.

त्या वर्षी माघी गणपतीला हमरापूरच्या मूर्तिकारांनी आम्हाला बोलावलं. गायला कुंदा होती. खाडीकडच्या मिठागरात राबणाऱ्या घरातली, विशीतली मुलगी. गाणं कुणाकडे शिकलेली नव्हती, पण खाली षड्ज असला की तिचा गळा निर्धास्त फिरायचा. त्या संध्याकाळी मी प्रथमच दोन आवाज एकत्र लावले होते, कीबोर्डमधला व्हायोलिनचा आणि बासरीचा. भरगच्च वाजावं म्हणून. तिच्या आलापाआधी मी एक मोठा, चार पट्ट्यांचा मेळ दाबला, सोडला आणि हात उचलले. आता खाली नुसता षड्ज आणि वर ती, असं ठरलं होतं. मंडपातल्या गलक्यात तो वाजतोय का, हे मी ऐकून पाहिलं नाही; कागद खोचलेला होता.

ती थांबली. मग चाचपडत सुरुवात केली. ढोलकी आणि मी शिरलो तेव्हा ती अर्ध्या सुरानं वर होती. मागून शिट्ट्या आल्या. कुणीतरी ओरडलं, ‘‘बाय, पाणी पी गो!’’

कार्यक्रम संपल्यावर ढोलकीवाले नाना — ऑर्केस्ट्रा त्यांचाच — तिच्यावर तापले.

‘‘नाना, खालचा सूर मधीच गेला. मी नाय सोडला.’’

‘‘गेला? एसटी पकडून गेला काय गो? चावी दाबलेली हाय अजून!’’

ती माझ्याकडे बघत राहिली. मी कागदाकडे बोट केलं. तो जागेवरच होता.

इथपर्यंत मला माहीत नव्हतं, असं म्हणता येईल. पुढचं तसं म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोह्याला घरी मी कीबोर्ड मांडला. ती तसं का म्हणाली असेल? कागद खोचला, षड्ज सुरू केला, दोन आवाज लावले आणि वर एकेक पट्टी दाबत गेलो. एक, दोन, तीन — सूर आहे. चौथी दाबली आणि षड्ज गेला. पट्टी खाली दबलेली, कागद जागेवर, सूर नाही. हात उचलले, तरी परत आला नाही. मग एकच आवाज ठेवून पाहिलं. आता वरच्या आठव्या पट्टीला गेला. म्हणजे त्या यंत्रात आठच गळे होते. दोन आवाज लावले की एका पट्टीला दोन गळे लागतात, चार पट्ट्यांतच सगळे संपतात. पाचवीला गळा हवा असेल, तर यंत्र सगळ्यात आधीपासून गाणाऱ्याचा काढून घेतं. आणि सगळ्यात आधीपासून गात असतो तो षड्जच. पेटीत प्रत्येक पट्टीची स्वतःची पितळी जीभ असते. इथे सगळ्या पट्ट्या त्याच आठांवर जगत होत्या. केवढी साधी, केवढी सुंदर व्यवस्था! मी दुपारपर्यंत तेच करत बसलो. आनंद झाला होता मला. कुंदाची आठवण झाली नव्हती का? झाली होती. आनंदाच्या बरोबरच झाली.

मग जेवलो आणि हमरापूरची बातमी लिहायला बसलो. दर वाक्य तपासून लिहायची मला शिस्त होती. मी लिहिलं — ‘मुख्य गायिकेचा सूर ढळल्याने रसिकांचा हिरमोड झाला.’ कर्ता बरोबर, क्रियापद बरोबर. बातमी तपासलेली होती आणि खोटी होती. ‘वादकाच्या चुकीने’ हे दोन शब्द सुचले नव्हते असं नाही. त्या दोन शब्दांनी मी पेणमधला कीबोर्डवाला राहिलो नसतो. खोटी छापून आली, खरी मी पाठवलीच नाही.

ते कात्रण नानांनी तिला दाखवलं. पुढच्या कार्यक्रमाला दुसरी मुलगी उभी होती. मी वाजवलं. कागद खोचला नाही. एक बोट षड्जावर ठेवलं आणि अधूनमधून तो पुन्हा दाबत राहिलो. का, ते कुणी विचारलं नाही.

तीन-चार वर्षांनी कुंदा मला रोह्याशेजारच्या अष्टमी गावाच्या पुलावर भेटली. लग्न होऊन इकडे आली होती, धाटावच्या एका कंपनीत पॅकिंगला जायची. तिनंच हाक मारली. गातेस का, हे मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं, ‘‘आता नाय गात. कानावर भरवसाच नाय ऱ्हायला.’’ मग म्हणाली, ‘‘दादा, एक विचारू? त्या दिवशी सूर होता ना खाली?’’

‘‘होता,’’ मी म्हणालो.

‘‘व्हय ना. मग माझंच चुकलं,’’ ती म्हणाली. शिफ्टची बस आली होती. ती धावत जाऊन चढली.

सूर नव्हता.