कयाधूच्या वळणावर काय हाय?

दुपारी जरा डोळा लागला की मला कयाधू नदीचं वळण दिसतं. पाणी संथ, ऊन कोवळं, आणि काठावर पाय सोडून बसलेलं एक पोरगं. दरसाली ते स्वप्नात थोडं थोडं वाढतं. आता त्याला मिसरूड फुटलंय. खरं तर त्याची पाचवीसुद्धा पुजली नव्हती, त्याआधीच गेलं.

आमच्यात एवढ्याशा जिवाला जाळत नाहीत, पुरतात. वर बाभळीच्या काट्या टाकतात, कुत्र्या-कोल्ह्यानं उकरू नये म्हणून. आईला नेत नाहीत. आमचे मालक त्याला फडक्यात गुंडाळून नदीकडं गेले, मोकळ्या हातानं आले, अंघोळ केली, आणि त्यानंतर चकार शब्द नाही. मीही विचारलं नाही. वळणावर करंजाचं झाड होतं, त्याच्याखालीच असंल असं मी आपलं ठरवून टाकलं. धुणं घेऊन गेले की करंजाकडं तोंड करून बसायची. गोधडी आपटता आपटता बोलायची त्याच्याशी, कोणती शेळी व्याली, घरात कोण रुसलं. एकदा सासूनं ऐकलं.

"कुणासंगं बोलून राहिलीस गं?"

"पाण्यासंगं," मी म्हटलं. काय सांगणार दुसरं?

पुढं पुढं दर पुराला नदी ते वळण खाऊ लागली. माती धपकन पाण्यात पडली की मी हातातलं धुणं टाकून काठाकडं धावायची. माझं लेकरू त्या मातीत होतं.

मग ग्रामसभेत विषय निघाला. तारेच्या जाळीत दगड भरून काठाला भिंत घालायची, पण पैसा एकाच बाजूपुरता. वरच्या अंगाला हळदीची शेतं, विहिरी, मोटारी. खालच्या अंगाला वळण. शेतवाले तावातावानं बोलत होते, आणि त्यांचंही खोटं नव्हतं. ज्याचं जळतं त्याला कळतं. ग्रामसेवकानं विचारलं, "त्या वळणावर आहे तरी काय?"

"काय न्हाई. पडीक हाय," चार-पाच जण एकदम बोलले.

काय न्हाई! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आम्ही बाया शाळेच्या ओट्यावर बसलो होतो. उठून एकेकाला चांगलं सुनावावं म्हटलं, तर मेली जीभच उचलेना. शेजारच्या म्हातारीनं पदर तोंडात कोंबला होता. म्हणजे हिचंही तिथंच होतं तर.

तेवढ्यात मागून आवाज आला, "काय न्हाई कसं? लेकरं हायेत तिथं आपली. माझं बी हाय."

आमचे मालक! ज्या माणसाला ताटात मीठ मागायचं जड जातं, तो भर सभेत उभा राहून बोलत होता. सरपंच खाली बघत बसले. मग हळदीचं सगळ्यात मोठं शेत ज्याचं, तोच म्हणाला, "खालूनच चालू करा. माझी बहीण हाय तिथं." ठराव तसाच झाला.

घरी निघताना मी मालकांना थांबवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "कुठं हो? करंजाखालीच ना?"

ते वळणाकडं चालू लागले. करंज मागं राहिला तरी चालतच होते. काठाच्या पार टोकाला थांबले आणि समोर पाण्यात बोट दाखवलं.

"तिथवर काठ होता. पहिल्याच पुरात गेलं."

मी तिथंच काठावर बसले. रडू आवरेना. "मग आज भांडलात काहून?"

"बाकीच्यांची हायेत ना अजून," ते म्हणाले, आणि माझ्या शेजारी बसले.

भिंत झाली. करंज आहे तिथंच आहे. मी आता धुणं घेऊन गेले की त्याच्याकडं पाठ करून बसते आणि पाण्यासंगं बोलते. कधी कधी मालकही येऊन बसतात.